मोहिनीचा गुडघा

मोहिनी कॉलेजात कबड्डी खेळायची. एका सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन करून नवीन बसवलं. त्याला काही वर्षं झाली. लग्न होऊन ती चाळीसगावला आली, तरी गुडघा दुखायचा थांबला नव्हता. नवरा योगराज म्हणायचा, "रिपोर्ट तर चांगला आहे." मग तिने बोलणंच सोडलं.

उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. सासूबाई लताबाई जिना चढायला निघाल्या, तर मोहिनी परात मांडीवर घेऊन बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकत होती.

"हे काय, पोरी?"

"उतरताना कळ येते, आई. असं बरं पडतं."

"इतलं दुखस, ते सांगं का नही?"

"कोणाला खरं वाटत नाही."

लताबाईंनी परात स्वतःकडे घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच तिला धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टर म्हणाले, "लिगामेंट मजबूत आहे. पण अशा ऑपरेशननंतर काही जणांचं दुखणं मागे राहतं, ते खोटं नसतं. मांडीचे स्नायू अशक्त झालेत. व्यायामाने फरक पडेल, पूर्ण थांबेल असं मात्र सांगत नाही."

मोहिनीला रडू फुटलं. डॉक्टर गोंधळले.

"रडू द्या तिले," लताबाई म्हणाल्या. "इतला वरीस कोन्ही ऐकंच नही."

दिवाळीपर्यंत दुखणं कमी झालं, गेलं नाही. योगराज आता सकाळी व्यायामाला तिच्याबरोबर बसतो. कळ जास्त असली की मोहिनी तसं सरळ सांगते.