खणाची मागची वीत

घरगाडीतला खालचा खण पंधरवड्यापासून अडत होता. आधी नुसता कुरकुरायचा. मग रुसलेल्या पोरासारखा अर्ध्यात थांबायला लागला. खण ज्यांवर सरकतो ते चॅनेल जुने, प्लास्टिकच्या चाकांचे. खण आधी जरा वर उचलायचा, मग ओढायचा, तेव्हा कुठे तो खाचेतून सुटायचा. गाडी वळणावर कलली तरी खण उघडू नये म्हणून ती खाच होती. पण बाईंच्या मनगटांत आता तेवढं उचलण्याचंही बळ उरलं नव्हतं. चमचा हवा असला तरी त्या "अहो मिस्त्री" अशी हाक मारायच्या आणि हाक मारून हसायच्या. सुताराला ते हसू हाकेपेक्षा जड जायचं.

तो सुतार, त्या बालवर्गाच्या बाई. लग्नाला सदतीस वर्षं झाली, तरी घरात एकमेकांना हाक कामाचीच. निवृत्तीनंतर त्यानं जुनी मिनीबस घेऊन आतून घर केलं होतं: पलंग, त्याला लागून ओटा, ओट्याखाली तीन खण. तेव्हा बाईंनी पोरांसाठी जुळवायच्या तशी एक ओवी जुळवली होती:

माझिया घराला गं, चाकं लाविली चार
थांबेल तिथं अंगण, थांबेल तिथं दार

परवा निघायचं होतं. समुद्रापर्यंत, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या चुकल्या नाहीत तर बाईंना वर्ष मिळेल. गोळ्यांशिवाय तीन महिने, फार तर चार. सुतारानं नकाशावर वर्षभराच्या मुक्कामांच्या खुणा केल्या होत्या, फळीवर करतो तशा, बारीक पेन्सिलीनं. सकाळ-संध्याकाळ तो स्वतःच्या हातानं बाईंच्या तळहातावर गोळी ठेवायचा, पाण्याचा पेला द्यायचा आणि मग गॅस बघायला ओट्याकडे वळायचा.

गाडी एका गोदामामागच्या उतारावर उभी होती. सकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं. खण रिकामे करून त्यानं नवे चॅनेल खोक्यातून काढले. पोलादी, आत छर्रे, खण पुरता बाहेर येणारे. बंद केला की आपोआप अडकणारे, आणि बोटानं दाबलं की सुटणारे.

"जुना खण पाऊणच उघडायचा," तो म्हणाला. "मागची वीतभर जागा कायम अंधारात. आता कोपरा न् कोपरा दिसेल बघ."

बाई पलंगावर, पायावर चादर घेऊन बसल्या होत्या. "सगळे कोपरे बघून काय करायचंय? तेल घाला आणि जुनेच राहू द्या."

"तेलानं मनगट बरं होतं का तुझं?"

वरचा खण त्यानं शेवटपर्यंत ओढला, पुढून उचलला. तो अलगद हातात आला. चॅनेलचे स्क्रू काढले. भोकं सैल झाली होती, त्यांत आगकाड्या डिंकात बुडवून ठोकल्या. मग सवयीनं पातळी बघायची पाणसळ काढली, डाव्या-उजव्या बाजूला आडवी पट्टी धरून तिच्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध आणला, खुणा केल्या, नवे चॅनेल बसवले आणि खण आत लोटला.

खणाची पुढची फळी तिरकी. डावा कोपरा चौकटीला घासत होता.

बाई खुदकन हसल्या. "अहो मिस्त्री, गाडी उतारावर उभी आहे! तिच्या पोटातल्या खणाला तुम्ही बाहेरच्या जमिनीची शिस्त लावताय."

सुतारानं कपाळावर हात मारला. इतकी वर्षं घरांची कामं केली. घर कधी कललं नव्हतं. "पहिल्या दिवशीचा उमेदवार असता तर कान पिळला असता मी त्याचा."

"या इकडे, मी पिळते."

त्यानं खरंच कान पुढे केला. त्यांनी पिळला. बोटांत जोरच नव्हता, नुसता गारवा होता.

मग त्यानं पाणसळ पेटीत टाकली. मापं कपाटाच्या बुडापासून घेतली, दोन्हीकडे सारखी. वरचा खण सरळ बसला. मधलाही बसला.

"झालं की," बाई म्हणाल्या. "दोन पुष्कळ. खालचा राहू द्या."

"त्याच्यासाठी तर सगळं काढलंय."

"मिस्त्री, ऐका ना. दमलात तुम्ही."

त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, पण तो आधीच गुडघ्यांवर बसला होता. खण अडला. त्यानं उचलला, हलवला, हिसका दिला. चाकाखाली काहीतरी कुरकुरलं, खण निसटून बाहेर आला आणि त्याच्या पाठोपाठ, मागच्या अंधारातून, पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या. गाडीच्या तळावरून उताराच्या बाजूला, एकामागून एक, दाराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबल्या. चॅनेलच्या पट्टीवर पांढरी भुकटी होती.

त्यानं एक उचलली. मध्ये आडवी रेघ. रोज दोनदा बोटांत धरलेली वस्तू; ओळखायला चष्मा लागला नाही.

गोदामात कुठेतरी लोखंडी शटर खाली आलं.

"मोजू नका," बाई म्हणाल्या. "एक्केचाळीस आहेत. दोन चाकाखाली भरडल्या, त्या धरून."

"तीन आठवडे." तो म्हणाला. "मी पेला घेऊन उभा राहायचो. मी... गाढव नुसता."

"गाढव नाही. तुम्ही गॅस बघायला वळायचात. तेवढ्यात मी हात लांब करायचे. सुरुवातीला खण उचलता यायचा मला. नंतर फटीतूनच सोडायला लागले."

"का पण? का?"

त्यांनी चादरीची घडी सरळ केली. "ती गोळी पोटात गेली की मी ओकते आणि झोपते. झोपते आणि ओकते. तुमचा चेहरासुद्धा नीट दिसत नाही. असं वर्ष काढायचं म्हणजे समुद्र तुम्ही बघणार, मी हे छत बघणार. आणि संध्याकाळी तुम्ही येऊन मला सांगणार, आज पाणी निळं होतं."

"सांगायचं होतंस मला."

"त्या नकाशावर तुम्ही खुणा करत होता. कानावर पेन्सिल, तोंडात शीळ. कसं सांगणार होते हो?"

तो रागावणार होता. राग छातीपर्यंत आला, आणि बसायला जागा न सापडल्यासारखा तिथेच उभा राहिला.

"आजपासून घे," तो म्हणाला. "वाया गेलं ते गेलं. मी डॉक्टरांना विचारतो, ओकारीवर दुसरं काही देतील. घेशील ना?"

"दोनदा बदलून दिलं त्यांनी. तुम्हीच आणलंत." त्यांनी दम खाल्ला. "तो पहिला खण तिरका का बसला होता?"

त्यानं वरच्या खणाकडे बघितलं.

"माझं माप माझ्यापासून घ्या, मिस्त्री, बाहेरच्या जमिनीपासून नको. एवढंच मागते."

तो दाराशी गेला. उंबऱ्यात बसून गोळ्या एकेक करून मुठीत गोळा केल्या. मूठ भरली. त्यानं त्या चॅनेलच्या रिकाम्या खोक्यात ओतल्या आणि झाकण लावलं.

"परवा नको," तो म्हणाला. "खण बसला की निघू. आजच."

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. मुलगी. रोज या वेळेला वाजायचा, रोजचा एकच प्रश्न.

"बाबा, आईनं गोळी घेतली?"

रोजचं 'हो' ओठांवर तयार होतं. बाई त्याच्याकडे बघत होत्या.

"आईशी बोल," तो म्हणाला आणि फोन त्यांच्या हातात दिला. फोनही त्यांना जड झाला. त्यांनी तो उशीवर ठेवला आणि गाल त्याला लावला.

"नाही घेतली, बाळा," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे नाही घेतली. बाबांना आज कळलं. त्यांच्यावर ओरडू नकोस."

पलीकडून जे आलं ते शब्द नव्हते.

सुतार खालच्या खणापाशी वाकला. चॅनेलवरची भुकटी त्यानं ओल्या फडक्यानं पुसली, जुनी चाकं काढली, भोकांत काड्या बसवल्या, ठोकता अंगठ्यानं दाबून न. ड्रिल हाताशी होतं, पण त्यानं स्क्रू हातानंच पिळले, एकेक फेरा, कारण मागे आई लेकीला हळूहळू काहीतरी सांगत होती, बालवर्गातल्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात तसं, आणि त्यात आवाज नको होता. आठ स्क्रू. शेवटचा घट्ट होईपर्यंत फोन बंद झाला होता.

"झाला?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"बघ तूच."

त्यांनी पलंगावरूनच वाकून एक बोट खणावर टेकवलं. टक् असा बारीक आवाज झाला. खण न कुरकुरता, न अडता बाहेर येत गेला, पाऊण, मग त्याच्याही पुढे, मागच्या वीतभर अंधारासकट. कोपरा न् कोपरा दिसत होता.

आत काहीच नव्हतं.

"छान झालाय," बाई म्हणाल्या.

सुतारानं खण बंद केला, गोळ्यांचं खोकं बाहेरच्या कचऱ्याच्या डब्याशी नेलं आणि ते टाकून परत आला. मग गाडी सुरू केली.