कमजोर औषध

सोमवारी सकाळी साडेनऊला सविता सुरवाडेने इनक्युबेटरचं दार उघडलं, पाच नंबरची काचेची बशी उजेडात धरली. बशीत पांढऱ्या, सुरकुतलेल्या ठिपक्यांची रांग हवी होती, ती होती. पण त्या ठिपक्यांना खेटून गुलाबी-जांभळट कापूस उगवला होता. तो कापूस ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार? गेली तीन वर्षं ती त्याच्याच मागे लागली होती.

केळीच्या मर रोगाची बुरशी होती ती.

तरी मन मानेना. तिने टाचणीच्या टोकाएवढा कापूस काढला, काचपट्टीवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. विळ्याच्या आकाराचे बीजाणू, एक नाही दोन नाही, ढिगाने. तिने डोळा काढला, पुसला, परत लावला. बाई, डोळे पुसून बुरशी जात असती तर एवढं संशोधन कशाला करावं लागलं असतं!

सविता जळगावच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. बोदवडच्या रेल्वे खलाशाची मुलगी, घरातली पहिली प्राध्यापक. तिची आई रुक्माबाई शेजारणींना अजून सांगते, "आमची सविता जंतू पाळते." विद्यापीठ नव्या दमाच्या प्राध्यापकांना नव्या कल्पनेसाठी थोडा पैसा देतं. कागदावर त्याला बीजनिधी म्हणतात, तोंडाने सगळे सीड मनी म्हणतात. पैसा मूठभर आणि त्याची कागदपत्रं टोपलीभर. दोन वर्षं सविताचा अर्ज परत आला आणि तिसऱ्या वर्षी मंजूर झाला. कल्पना साधीच होती. बोदवडकडच्या एका बागेत सगळी केळी मर लागून वाळली होती आणि मधे एकच झाड हिरवंगार उभं होतं. त्या झाडाच्या मुळांतून तिने एक जिवाणू वेगळा काढला. प्रयोगशाळेत तो बुरशीला जवळ येऊ देत नव्हता. आता तो वाढवून एका निरोगी बागेत शंभर झाडांना द्यायचा आणि झाडाला काही अपाय होत नाही ना, एवढं आधी बघायचं. बाग ठरली जळगावजवळच्या असोदा गावच्या पितांबर नानांची. गुरुवारी पाच लिटरचा कॅन ती स्वतः त्यांच्या हातात देऊन आली होती. पाच नंबरची बशी म्हणजे त्याच कॅनमधला राखून ठेवलेला नमुना.

आणि चूक तिचीच होती, हे तिला आठवायलाही लागलं नाही. गुरुवारी सकाळी तिने प्रयोगशाळेतल्या, निर्जंतुक कामाच्या एकुलत्या एका कपाटात बुरशी हाताळली होती. त्यानंतर कपाट स्पिरिटने पुसायचं आणि आतला जंतुनाशक दिवा अर्धा तास चालू ठेवायचा, हा नियम ती पोरांना दरवर्षी घोकून घेते. पण लाइट गेली, दीड तासाने आली. मंगळवारी धुळ्याला बीजनिधीची आढावा समिती होती आणि 'शेतावरील चाचणी सुरू' हे वाक्य अहवालात हवंच होतं. तिने दिवा पाच मिनिटं लावला आणि कॅन भरायला घेतला. जो जिवाणू त्या बुरशीला हाकलणार होता, तो आता बुरशीच्याच मांडीला मांडी लावून बसला होता.

मर एकदा जमिनीत शिरला की वीस-वीस, तीस-तीस वर्षं निघत नाही. नानांची चार एकर, सगळी केळी. तिला दुसरं काही सुचेना, ती बशी तशीच रुमालात गुंडाळून विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

हितेंद्र सर माणूस वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी बशी पाहिली आणि आधी उठून दार लावलं.

"कोणाकोणाला सांगितलं?"

"तुम्हालाच, सर."

"मग अजून कोणालाच सांगितलं नाही असं धरा. एका बशीवरून काय ठरतं? बशी उघडताना हवेतून पडलं असेल. खात्रीची तपासणी करून घ्या, आठ-दहा दिवस लागतील. उद्याचा आढावा पार पडू द्या." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "प्रोबेशनचे तुमचे चार महिने राहिलेत, सविता. आणि हा निधी तुमच्या नावावर असला तरी सही माझी आहे."

आठ-दहा दिवस! तोवर नानांनी औषध टाकून वर पाणी दिलं असतं. सविताने प्रयोगशाळेतली, बुरशी मारायची ब्लीचिंग पावडरची पिशवी घेतली, स्कूटरच्या डिकीत कोंबली आणि असोद्याचा रस्ता धरला. वाटभर ती एकच गोष्ट मागत होती. नानांनी अजून ओतलेलं नसावं, बस्स. कुणाकडे मागत होती ते तिलाही माहीत नव्हतं. तिच्या घरी नवस बोलायची रीत नाही. पण भीतीला रीतभात कुठली?

नानांच्या शेतातल्या शेडसमोर तिने स्कूटर लावली आणि पहिलं काय दिसलं, तर तिचा कॅन. रिकामा, धुऊन खुंटीला उलटा टांगलेला.

"नाना, औषध ओतलं?"

"ओतलं ना." नाना हसतच बाहेर आले. साठीचे, अंगात बंडी, हात मातीने भरलेले. "हे काय, ड्रममधी."

कोपऱ्यात दोनशे लिटरचा निळा ड्रम होता. नानांनी गोणपाट उचललं. आत फेस चढलेलं तपकिरी पाणी, आंबूस वासाचं. त्यात गूळ, त्यात बेसन. शेण-गोमूत्राचं जिवामृत वाढवतात तसं नानांनी तिचं औषध वाढवलं होतं. चार दिवस काठीने ढवळत होते, सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

"तुम्ही त शंभरच झाडाले दिलं व्हतं, मॅडम. मंग बाकीच्या केयीनं काय पाप केलं? म्हटलं, वाढवू. गावातल्या बारा जनाईनं नंबर लावला हाये. उद्या आठ वाजता मोटरची लाइन येते, तवा वाटतो अन् माह्या केयीले बी सोडतो."

म्हणजे अजून एक थेंबही जमिनीत गेला नव्हता. सविताला हायसं वाटलं, पण क्षणभरच. गूळपाण्यात चार दिवस! पाच लिटरमध्ये जे चिमूटभर होतं, ते आता त्या ड्रममध्ये किती झालं असेल, याचा हिशोब तिच्याइतका चांगला तिथे कुणालाच येत नव्हता. पण ते ड्रममध्येच होतं. आता फक्त खरं सांगायचं, पावडर ओतायची, ड्रम दूर कुठे खडकात रिकामा करून जाळून टाकायचा. पाच वाक्यांचं काम.

तेवढ्यात शेडमागून जीवराम नावाचे शेजारी आले, सोबत आणखी एक जण. दोघांच्या हातात डबे. "ह्याच का औषधवाल्या मॅडम?" जीवरामने विचारलं आणि मोठ्या आदराने हात जोडले. नानांच्या सुनंदाबाई चहा घेऊन आल्या. "पी माय, किती घाम आला तुले," म्हणाल्या.

वाक्य तिच्या जिभेवर होतं. मी तुम्हाला रोग दिला. पण त्या जोडलेल्या हातांकडे पाहून ते तिथेच राहिलं. आता बोललं की संध्याकाळपर्यंत असोदाभर होईल, उद्या पेपरात येईल, विद्यापीठाच्या बाईने मर वाटला म्हणून. नोकरी जाईल. बोदवडला आईला कोण तोंड दाखवेल? एवढं सगळं तिला चहाच्या एका घोटात दिसलं. माणूस घाबरला की त्याला पुढचं फार लांबचं दिसतं आणि समोरचं दिसत नाही, तसं तिचं झालं.

"नाना," ती म्हणाली, "हे औषध जरा कमजोर निघालं. तपासलं आम्ही. काही काम करायचं नाही ते. कोणाला देऊ नका. बुधवारी मी येते, ताजं घेऊन येते."

"कमजोर?" नानांचा चेहरा उतरला. मग तेच तिला धीर द्यायला लागले. "असू द्या, व्हतं असं. तुम्ही म्हनता त कोनाले देत नही."

"नक्की ना?"

"अहो, शब्द दिला."

सविताचा जीव भांड्यात पडला. ब्लीचिंगची पिशवी डिकीतच राहिली. पावडर ओतायला गेलं असतं तर नानांनी विचारलं असतं, कमजोर औषधाला पावडर कशाला? बुधवारी काहीतरी कारण काढून ड्रम हलवता येईल, असं तिने ठरवलं आणि जळगावात मेहरूणला आपल्या खोलीवर परतली. झोप अर्थातच लागली नाही.

मंगळवारी सकाळच्या बसने ती धुळ्याला निघाली. पारोळ्यापर्यंत ती भाषण मनात म्हणत होती, पारोळ्यानंतर ते मधेच तुटायला लागलं. नाना काल किती सहज म्हणाले, असू द्या, व्हतं असं. ते वाक्य तिला टोचत होतं. एक क्षणही असा गेला नाही की तिला स्वतःची चीड आली नाही, पण चिडीपेक्षा भीती मोठी होती.

आढावा एका कॉलेजच्या सभागृहात होता. समितीचे अध्यक्ष बोरसे सर, निवृत्त मृदाशास्त्रज्ञ, धुळे तालुक्यातल्याच शेतकऱ्याचा मुलगा. सविताची पाळी सव्वाअकराला आली. तिने पडद्यावर चित्रं दाखवली. ते हिरवं झाड, तो जिवाणू, असोद्याची बाग. हितेंद्र सर पहिल्या रांगेत मान हलवत होते. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बोरसे सरांनी सगळ्यांना विचारतात तोच प्रश्न तिला विचारला.

"शेतावर दिलं त्याचा नमुना राखून ठेवता ना? तपासता ना?"

हो म्हणायचं आणि पुढचं चित्र लावायचं. एवढंच होतं. पण तिचं बोट रिमोटच्या बटणावर तसंच राहिलं आणि समोरचे सगळे आपल्याकडेच बघतायत हे तिला दिसलं. आता लपवण्यात काही राम उरला नव्हता.

"ठेवते, सर. तपासला. त्यात मर रोगाची बुरशी आहे. माझ्या हातून गेली. कपाट मी नीट निर्जंतुक केलं नव्हतं."

हितेंद्र सरांनी डोळे मिटून घेतले. सविताला उलट छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. बोललो आपण. सगळ्यांसमोर बोललो.

बोरसे सर रागावले नाहीत. "हे इथे सांगायला हिंमत लागते," ते म्हणाले. "निधीचं काय करायचं ते आम्ही नंतर बघू. शेतकऱ्याने टाकलं का ते?"

"नाही, सर. मी कालच जाऊन सांगितलं. ड्रममध्येच आहे."

"काय सांगितलंत?"

"औषध..." ती थांबली. "कमजोर निघालं, असं सांगितलं. कोणाला देऊ नका म्हटलं."

बोरसे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फोन लावा त्यांना," ते म्हणाले. "आत्ता. इथूनच. स्पीकरवर."

ते का म्हणतात ते तिला कळलं नाही. मग कळलं आणि तिने घाईघाईने नंबर लावला. बारा वाजायला आले होते. फोन चौथ्या रिंगला उचलला गेला.

"बोला, मॅडम. झाली का तुमची मीटिंग?"

"नाना, तो ड्रम. ड्रम तसाच आहे ना?"

"नही बा, रिकामा केला ना. आठ वाजता लाइन आली, सोडून दिलं ठिबकमधून."

"मी सांगितलं होतं ना, नाना, कमजोर आहे म्हणून!"

"म्हनून त." नानांचा आवाज समजावणीचा होता. "कमजोर माल लोकाले कसा द्याव? सकाळी बाराच्या बारा जन डबे घेऊन आल्ते, वापस धाडले मी. तुम्हाले शब्द दिला व्हता. पन दहा किलो गुय हाये त्याच्यात, बेसन हाये, चार दिवसाची मेहनत हाये. फेकून थोडीच देता येते? औषध नही त नही, खत त व्हईन. माह्या एकट्याच्या केयीले सोडलं. चारी एकरले पुरलं, बरं का."

"नाना, ते कमजोर नव्हतं. त्याच्यात मर होता. पाणी बंद करा. आत्ताच्या आत्ता बंद करा, कोणाच्या शेतात जाऊ देऊ नका."

मग नानांनी कुणाला तरी लांबून मोटर बंद करायला सांगितलं, आणि मोटरची घरघर थांबल्याचं सभागृहात सगळ्यांना ऐकू आलं. ते पुन्हा फोनवर आले तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता.

"हे तुम्हाले कालच मालूम व्हतं, मॅडम?"

"होतं, नाना."

"मी त तुमच्या समोरच उभा व्हतो," नाना म्हणाले.