दोनशे ऐंशीवर लावलेला पाना

मित्रांनो, कारखान्याच्या प्रशिक्षण कक्षात एक काचेचे कपाट आहे. त्यात लाल पट्टी बांधून आडवा ठेवलेला मी एक जुना टॉर्क पाना आहे. जुने असणे हा दोष नव्हे. माझा दोष वेगळा आहे. मी चुकीचा आहे, आणि हे बराच काळ कोणालाही माहीत नव्हते. मलाही नव्हते. उपकरणाला स्वतःची चूक स्वतः मोजता येत नाही.

टॉर्क पाना म्हणजे काय, ते आधी सांगतो. साध्या पान्याने बोल्ट आवळताना किती जोर लावायचा हे हात ठरवतो. तो सकाळी ताजा असतो, दुपारी थकलेला असतो, आणि घरून भांडून आलेला असेल तर भलताच जोरकस असतो. म्हणून माझ्या दांड्यात एक स्प्रिंग बसवली आहे. मुठीजवळची कडी फिरवून हवा तो आकडा लावला की स्प्रिंग तितकी दाबली जाते. बोल्टवर तेवढा जोर पडताच मी 'खट' असा आवाज करतो. तो आला की थांबायचे. माझी सगळी भाषा एवढीच आहे.

माझा जन्म एका लहान कार्यशाळेत झाला. तिथे मला तपासणीच्या यंत्रावर पुन्हा पुन्हा वाकवले आणि मग प्रमाणपत्र दिले: चूक शंभरात एकापेक्षा कमी. चूक शून्य, असे त्यात लिहिलेले नव्हते. म्हणूनच ते प्रमाणपत्र मला आवडले.

तिथून मी या कारखान्यात आलो. आमच्या कंपनीची इंजिने जगभर जातात. काही जहाजांवर जनरेटर फिरवतात, काही भर समुद्रातल्या तेलफलाटांवर, काही विजेच्या तारा न पोहोचलेल्या गावांच्या वीजकेंद्रांत. जुळणी विभागाच्या भिंतीवर एक मोठा नकाशा होता. इंजिन रवाना झाले की त्याच्या ठिकाणावर हिरवी टाचणी टोचत. नव्या माणसाला आधी तो नकाशा दाखवत आणि सांगत, "एवढ्या ठिकाणचा उजेड आपल्या हातात आहे." हे वाक्य अभिमानाने म्हटले जाई. नीट ऐकले तर ते भीतीचेही होते.

माझे काम एकच होते. इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो. त्याला खालच्या फिरत्या दंडाशी जोडणारी एक पोलादी भुजा असते आणि तिचे टोक दोन बोल्टांनी आवळलेले असते. ते बोल्ट मी आवळत असे. आकडा ठरलेला होता: दोनशे ऐंशी. आमचे इंजिन मिनिटाला पंधराशे फेरे घेते आणि दर दोन फेऱ्यांत एकदा त्या बोल्टांना मोठा हिसका बसतो. अखंड चालले तर दिवसाला दहा लाख ऐंशी हजार हिसके होतात. बोल्ट पुरेसा आवळलेला असेल तर त्याला त्यातला थोडाच भाग जाणवतो. कमी आवळलेला असेल तर तो प्रत्येक हिसक्याला किंचित ताणतो आणि किंचित सैलावतो. पोलाद कधी तक्रार करत नाही. ते सोसत राहते आणि एके दिवशी तुटते. मग ती भुजा इंजिनाची भिंत फोडून बाहेर येते. बाहेर कोण उभे आहे, हे ती पाहत नाही.

मला वापरणाऱ्या जोडाऱ्याला सगळे 'मास्तर' म्हणत. त्यांनी कित्येकांना हे काम शिकवले होते. पाळी संपली की कडी उलट फिरवून मला सर्वांत खालच्या आकड्यावर आणायचे आणि दाबलेली स्प्रिंग मोकळी करायची, असा नियम भिंतीवरच्या फलकावर लिहिला होता. पहिली काही वर्षे मास्तर तो पाळत. पुढे आमच्या लाईनवर एकाच जातीचे इंजिन बनू लागले. रोज तोच बोल्ट, तोच आकडा. मास्तरांनी दोनशे ऐंशीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि मला उतरवणे सोडून दिले.

"मास्तर, पाना उतरवून ठेवा," अवजारखोलीतला भांडारी म्हणाला. "बोर्डावर लिहिलंय."

"बोर्ड लिहिणाऱ्यानं कधी पाना धरलाय का? उद्या सकाळी परत दोनशे ऐंशीच लावायचंय. तू घरी जाताना मनगट काढून ठेवतोस का खुंटीला?"

"मनगट नाही, पण पट्टा सैल करतो."

सगळे हसले. भांडाऱ्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते, पण ते विनोदात निघून गेले.

मास्तरांची माझ्यावर माया होती. त्यांनी माझ्यासाठी लाकडी डबा केला आणि त्याला आतून लेकीच्या शाळेतल्या जुन्या स्वेटरचे अस्तर लावले. रोज मला पुसून ते त्या उबेत ठेवत आणि झाकण लावत. आत, दाबलेल्या अवस्थेत, माझी स्प्रिंग दररोज केसाच्या काही अंशाने थकत होती. डब्याबाहेर माझे कौतुक चालले होते.

दर सहा महिन्यांनी सर्व पाने मापन कक्षात जात. तिथल्या बाईंना कारखाना 'दशांशबाई' म्हणे, कारण पूर्णांकात दिलेले उत्तर त्या स्वीकारत नसत. एकदा त्यांना माझ्यात थोडी घट आढळली आणि त्यांनी मला दुरुस्त करून परत पाठवले. मास्तरांनी पहिला बोल्ट आवळला आणि कपाळाला आठी घातली.

"खट उशिरा येतेय. याचा हात बिघडवला त्यांनी."

मी बरोबर होतो. मास्तरांच्या हाताला माझ्या चुकीची सवय लागली होती, म्हणून बरोबर आवाज त्यांना उशिरा वाटला. त्या दिवसापासून त्यांनी मला मापन कक्षात पाठवले नाही. माझा नंबर चार. माझ्याच घडणीचा, कधीच न वापरलेला सात नंबरचा पाना कपाटात पडून होता. नंबराचा बिल्ला कडीत अडकवलेला असतो. तपासणी आली की मास्तर माझा बिल्ला त्याला अडकवत, त्याला पाठवत आणि परत आल्यावर बिल्ला काढून घेत. असे तीनदा झाले. कागदावर मी तपासला गेलो. प्रत्यक्षात मी स्वेटरात होतो.

त्या दीड वर्षात आम्ही त्रेचाळीस इंजिने जोडली.

त्यांतले एकतिसावे इंजिन मास्तरांच्या लेकीच्या जहाजासाठी होते. ती जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे, आणि जनरेटर सांभाळण्याचे काम बहुधा थर्डच्याच वाट्याला येते. मास्तरांनी विभागप्रमुखांकडे ते इंजिन मागून घेतले. इतरांना दूर सारले. "हिच्या इंजिनाला दुसऱ्याचा हात लागायचा नाही," असे म्हणून त्यांनी डबा उघडला. प्रत्येक बोल्टवर ते माझा आवाज कान देऊन ऐकत आणि मान डोलावत. इतक्या प्रेमाने मला कोणी कधी वापरले नव्हते.

ते इंजिन सुरू झाले आणि लेकीचा फोन आला. मास्तरांनी तो लाईनवरच घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बाबा, तुमचं इंजिन तुमच्यासारखंच घोरतं. एकसुरी." सगळी लाईन हसली. चार महिन्यांनी पुन्हा फोन आला. "हल्ली घोरताना मधेच ठसका लागतो त्याला. मीटरवरची रीडिंग सगळी ठीक आहेत. मला भास होत असेल."

"नवं इंजिन आहे, बसेल हळूहळू," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मला पुसून डब्यात ठेवले.

त्यानंतर आठवड्याभरात दशांशबाई लाईनवर आल्या. हातात एकच कागद होता.

"मास्तर, चार नंबर दाखवा."

"गेल्याच महिन्यात दिला होता की तुमच्याकडे."

"तोच प्रश्न आहे. तीनदा आला आणि तीनदा दोनशे ऐंशी पूर्णांक चार. दशांशसुद्धा हलला नाही."

"मग चांगलंच आहे. सांभाळतो मी त्याला."

"मास्तर, माझं वजनसुद्धा सकाळ-संध्याकाळ एक राहत नाही. रोज बोल्ट आवळणारा पाना दीड वर्षं तसाच राहतो?"

मित्रांनो, हे लक्षात ठेवा. चुकीचा आकडा कोणालाही खटकतो. फार चांगला आकडा खटकायला अभ्यास लागतो.

मापन कक्षात मला यंत्रावर चढवले. पहिली खट: दोनशे अडतीस. दुसरी: दोनशे सदतीस. तिसरी: दोनशे अडतीस.

"तुमचं यंत्र चुकतंय," मास्तर म्हणाले.

"असू शकतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "सात नंबर लावून बघू." त्याच यंत्रावर सात नंबर दोनशे ऐंशी पूर्णांक चारला वाजला. बाईंनी तो आकडा आपल्या कागदाशेजारी धरला. "म्हणजे माझ्याकडे दर वेळी हा येत होता."

मास्तर स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांची नजर पांढऱ्या ठिपक्यावर होती.

"एकतिसावं," ते म्हणाले.

"काय?"

"लेकीच्या जहाजावरचं. ते मी याच्यानंच आवळलंय. मुद्दाम."

मला विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवले. ते वाईट गृहस्थ नव्हते, सावध होते. म्हणाले, "कागदोपत्री चार नंबर वेळेवर तपासलेला आहे. आजच्या आज त्रेचाळीस इंजिनं थांबवा, असं कुणाला आणि कशाच्या आधारावर सांगू? कुठं हॉस्पिटल आहे, कुठं जहाज भर समुद्रात आहे. पुढच्या देखभालीत बोल्ट बघून घ्या, असं कळवू."

"पुढची देखभाल कधी?" बाईंनी विचारले.

"चार हजार तासांनी."

"अखंड चाललं तर साडेपाच महिने."

मास्तर उभेच होते. "कागद खोटे आहेत, साहेब. बिल्ला मी बदलला. लिहून देतो."

"मास्तर, हे लिहिलंत तर इथं तुमचं काही राहणार नाही. कळतंय ना?"

"मला एवढंच कळतंय की साडेपाच महिने फार होतात."

त्यांनी लिहून दिले. अक्षर सुबक होते आणि बिल्ला बदलल्याच्या तिन्ही तारखा त्यात होत्या. तासाभरात आदेश गेले: थांबवा, उघडा, पाहा. नकाशावरच्या त्रेचाळीस हिरव्या टाचण्या काढून लाल टोचल्या. एवढा लाल ठिपक्यांचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला. प्रत्येक ठिपक्यामागे माझा आवाज होता, आणि माणसे त्या आवाजावर थांबली होती.

उत्तरे येऊ लागली. बरेच बोल्ट सैल होते, पण धड होते. ते बदलले गेले. लेकीच्या जहाजाचे उत्तर त्या दिवशी आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी विभागप्रमुखांच्या टेबलावरचा फोन वाजला. आवाज उपग्रहावरून येत होता, म्हणून प्रत्येक वाक्यामागे थोडी शांतता होती.

"बाबा?"

"बोल."

"बंद केलं. उघडलं." शांतता. "चौथ्या सिलिंडरचा एक बोल्ट मी बोटांनी फिरवला."

"आणि दुसरा?"

"दुसराच सगळं धरून होता. त्याला चीर गेलीये. भिंगातून बघितली मी."

मास्तरांनी विचारले, "तू फेरीला येतेस तेव्हा उभी कुठं राहतेस?"

"चौथ्यासमोरच. नोंदवहीची फळी तिथंच आहे." पुन्हा शांतता. "बाबा, कोणता पाना होता?"

"चार नंबर."

"स्वेटरवाला?"

"हो."

"मग मीही तोच घेतला असता."

फोन ठेवल्यावर दशांशबाईंनी तिच्या इंजिनाचे तास आणि हिसके मांडले. हिशेब करून त्यांनी कागदाची घडी केली आणि तो कोणालाही दाखवला नाही.

मास्तरांची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला हातात घेतले, कडी सावकाश उलट फिरवली आणि सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवली. फलकावर लिहिले होते, तसे. माझी स्प्रिंग मोकळी झाली. पण ती आपल्या पहिल्या लांबीला आली नाही. मग मला लाल पट्टी बांधली आणि या कपाटात ठेवले. स्वेटर ते घेऊन गेले.

मित्रांनो, तुमच्याजवळही अशी एखादी वस्तू असेल, जिच्यावर तुमचा फार जीव आहे आणि जी कधी चुकत नाही अशी तुमची खात्री आहे. तिला जरूर पुसा, जपा, काम झाल्यावर तिचा ताण उतरवा. आणि ठरलेल्या दिवशी तिला परक्या माणसाच्या हाती देऊन मोजून घ्या. तो काही बदल सांगेल, तर रागावू नका. मला कोणी कमी जपले नव्हते. मला फक्त तपासले नव्हते.

तो नकाशाही आता याच खोलीत आणला आहे. बेचाळीस टाचण्या पुन्हा हिरव्या झाल्या. एक इंजिन ज्यांना विकले, त्यांनी ते दुसऱ्याला विकले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसऱ्याच्या पत्त्यावरून पत्र परत आले. ते कुठे आहे, हे कंपनीला ठाऊक नाही. कदाचित ते बंद पडून असेल. कदाचित कुठेतरी एखाद्या खोलीत उजेड देत असेल, आणि त्याच्यासमोर कोणी नोंदवही घेऊन उभे असेल. पुरावा दोन्ही बाजूंनी नाही.

काचेतून मला ती टाचणी स्पष्ट दिसते. ती अजून लाल आहे.