जर्दाळूवरचा नवरदेव

उस्तो, म्हणजे उस्ताद, नुसरतच्या हातचा पुलाव झाला नाही असं लग्न एके काळी आमच्या पंजाकेंत गावात लागत नसे. माणूस बसेल एवढी कढई, आणि तिच्यापुढे हा उभा, बाह्या सारून, मोठमोठ्यानं गात. तोच माणूस आता अंगणातल्या तख्तावर, त्या रुंद लाकडी बाजेवर, उशांना टेकून बसलेला दिसे. अर्धांगवायूनं उजवा हात नेला आणि जीभ नेली. उरले तीन-चार शब्द. ‘हं’, ‘नको’, ‘चहा’ आणि एक शिवी. शिवी मात्र एकदम स्वच्छ यायची.

त्यांचं सगळं मवजूदा करायची. ही थोरली मुलगी. तिचा नवरा कामासाठी रशियात गेला, तिथंच दुसरा संसार मांडून बसला आणि फोनवर तलाक सांगून मोकळा झाला. मवजूदा माहेरी परत आली. आई गेली ती तिच्याच मांडीवर डोकं ठेवून. मग वडिलांचं हे असं झालं. पहाटे तंदूर पेटवायचा, गल्लीला पुरतील एवढे नान भाजायचे, मग बाबांची आंघोळ, दाढी, भरवणं. दुपारी, आणि पुन्हा संध्याकाळी, त्यांचा लुळा हात तेलानं चोळता चोळता ती त्यांच्याकडून शब्द म्हणवून घ्यायची. “म्हणा बाबा, पाणी. म्हणा, मव-जू-दा.” ते ओठ हलवायचे, घामाघूम व्हायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. त्यांना झोप लागली की ती उशाशी बसून माशा वारायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, अशी लेक नशिबानं मिळते. हे तिच्या कानावर येई आणि तिला ते आवडे. तेवढंच तर तिचं होतं.

त्या साली वसंत सरता सरता धाकटी फिरूजा मॉस्कोहून आली. तिथं ती दुसऱ्यांची घरं झाडायची. कागदपत्रांच्या भानगडीत आईच्या मातीलाही तिला येता आलं नव्हतं. आता आली ती दोन मोठ्या बॅगा आणि खांद्यापर्यंत कापलेले केस घेऊन. बाबा तिला बघून लहान मुलासारखे रडले. मवजूदानं ते पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. पाहुणी आहे, चार दिवस कौतुक व्हायचंच, असं तिनं स्वतःला समजावलं.

फिरूजाला घरकाम सांगितलं तर ती करायची, नाही असं नाही; पण मन तिचं तख्तावर. बाबांशेजारी मांडी घालून बसायची आणि वाटेल ते बडबडायची. एका सकाळी मवजूदा तंदुरात वाकून नान चिकटवत होती, तेव्हा धाकटीची हळू आवाजातली हाक आली, “बाबा, ते बघा, ते बघा! जर्दाळूवर!”

तख्तासमोरच्या जर्दाळूच्या अगदी खालच्या फांदीवर एक पांढरा पक्षी बसला होता. डोकं काळंभोर, तुरा, आणि शेपूट म्हणजे वीतभर लांब दोन पांढऱ्या फिती. चोचीत कोळ्याचं जाळं. त्याची तांबूस मादी बाजूच्या फांदीवर. दोघं मिळून फांदीच्या बेचक्यात इवलीशी वाटी विणत होती. दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या बागेत हे पाखरू येतं, पण या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

बाबांनी डावा हात उचलला. ओठ थरथरले. आणि ते म्हणाले, “नवरदेव.”

मवजूदाचा हात तंदुरातच राहिला. चटका बसला तेव्हा तिनं तो बाहेर काढला. मागे धाकटी टाळ्या पिटत थोरल्या बहिणीला सांगत होती, “बोलले! अपा, ऐकलंत का? बाबा बोलले!”

“ऐकलं,” मवजूदा म्हणाली. “नान करपले माझे.”

त्या दिवसापासून दोघांना दुसरा उद्योग उरला नाही. नवरदेव घरट्यात बसला की त्याच्या फिती बाहेर लोंबायच्या, वाऱ्यावर हलायच्या, आणि बाबा हसायचे. नर-मादी आळीपाळीनं अंडी उबवायची. “बघा, नवरदेवाची पाळी आली,” फिरूजा म्हणायची. “आपल्याकडचे नवरदेव घेतील का अशी पाळी?” बाबा खो-खो हसायचे. मग आणखी एक शब्द आला, ‘बघ’. आणि एका दुपारी, मवजूदा त्यांचा हात चोळत असताना, मागून येणाऱ्या धाकटीला बघून ते अगदी स्पष्ट म्हणाले, “फिरूजा.”

मवजूदानं तेलाची बाटली खाली ठेवली, बूच लावलं, उठली. त्या दिवशी दुसऱ्या वेळेला हात चोळायचं तिच्या ‘लक्षात राहिलं नाही’.

शेजारच्या बर्नो खालाला तर बोलायला कारण लागत नाही. नान न्यायला आली की म्हणायची, “काय गं मवजूदा, धाकटी आली आणि म्हाताऱ्याला पालवी फुटली की! आधीच बोलवायची होतीस तिला.”

“खाला, नान गरम आहेत तोवर घरी पोचा,” मवजूदा म्हणायची.

ती काही दुष्ट बाई नाही. पण मत्सर शिकवावा लागत नाही, माणसाच्या हातांना आपोआप सुचतं. तिनं कपडे वाळत घालायची दोरी हलवून बरोबर तख्त आणि झाड यांच्यामध्ये बांधली. फिरूजानं न बोलता ती पुन्हा होती तिथं नेली. मग मवजूदानं बाबांच्या उशा फिरवल्या, तोंड दाराकडे. “ऊन डोळ्यांवर येतं त्यांच्या,” म्हणाली. बाबा दिवसभर मान वळवून वळवून झाडाकडे बघत राहिले, आणि संध्याकाळी त्यांची मान आखडली. ती मान शेवटी चोळली कुणी? मवजूदानंच.

अशात जर्दाळू पिकले. दर वर्षी मवजूदा झाड हलवून फळं पाडायची, उकलून छपरावर वाळत घालायची. हिवाळाभर घरात तेच. या वर्षी ती चादर घेऊन झाडाखाली गेली तर तख्तावरून बाबा ओरडले, “नको! नको!” आणि वर ती शिवी.

“अपा, अंडी फुटलीत. चार पिल्लं आहेत,” फिरूजा म्हणाली. “झाड हलवलं तर पडतील ना. थोडं थांबा.”

“हिवाळ्यात काय पिल्लं वाळवून खायची?”

“मी बाजारातून आणून देईन वाळलेले.”

“हो, तू आणशील. सगळं बाजारातूनच मिळतं तुला.”

फळं आपोआप गळत राहिली, खाली सडू लागली, गांधीलमाशा घोंगावू लागल्या. मवजूदा रोज तो चिखल झाडून काढायची आणि मान वर करून घरट्याकडे एकदाही बघायची नाही. तिला त्या पाखराचा इतका राग आला होता की तो आपल्यालाच शोभत नाही हे तिला कळत होतं.

एकदा फिरूजा दोन दिवसांसाठी समरकंदला मावशीकडे गेली. सकाळची वेळ. मवजूदा तंदुराशी होती. हातात नान चिकटवायची गोल गादी, गादीवर थापलेली कणीक, आता आत चिकटवायची एवढ्यात तिला जर्दाळूच्या बुंध्यावर काहीतरी हललेलं दिसलं. बर्नो खालाचा बोका. पोट खोडाला घासत, न आवाज करता वर चाललेला.

तिनं पाहिलं आणि ती हलली नाही. विचार असा काही आला नाही तिच्या मनात. नुसतं वाटलं, जाऊ दे. घरटं गेलं की ते बसणं गेलं, ते हसणं गेलं. नवरदेव किंचाळत बोक्याच्या डोक्यावर झेपावत होता, मादीही. बोक्यानं फांदीवर पंजा टाकला.

“फिरूजा!” बाबा ओरडले. “फिरूजा! फिरूजा!”

ते मवजूदाकडे बघून ओरडत होते. डावा हात तिच्याकडेच पसरलेला होता. ती हाक तिच्या काळजातून आरपार गेली. पण हाकेत भय होतं, आणि बाबांचं भय तिला नावानिशी कळायची गरज नव्हती. ती धावली. हातातली गादी कणकेसकट तिनं भिरकावली ती बोक्याच्या पाठीत बसली. बोका पाठीला कणीक चिकटवून भिंतीवरून पसार झाला.

फांदी अजून हलत होती. एक पिल्लू गवतात पडलं होतं. तिनं ते उचललं. अंग गरम होतं, मान लोंबत होती. तिनं ते एप्रनच्या खिशात टाकलं आणि टाचा उंचावून पहिल्यांदा घरट्यात पाहिलं. तिघं एकमेकांना चिकटून बसली होती. सावली पडल्याबरोबर तिघांनी माना वर करून चोची उघडल्या. आत सगळं केशरी. तिला बघून उघडल्या होत्या, ती कोण हे न बघता. वरून नवरदेवानं तिच्या डोक्यावर टोच मारली तेव्हा ती मागे सरली.

पिल्लू तिनं मागच्या बाजूला कांद्याच्या वाफ्यात पुरलं. एक क्षण आधी हलले असते तर, हे तिला पुरेपूर कळत होतं. परत आली तेव्हा बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं; तिचं थांबणंही. तिनं त्यांचे डोळे पुसले, मग नाक पुसलं.

फिरूजा परतली तेव्हा तंदूर नुकताच विझला होता. बॅग दारात टाकून ती आधी झाडाकडे गेली.

“अपा, तीनच कशी? चार होती.”

“मला काय विचारतेस? मी कुठं बघते?”

“चौथं कुठंय?”

“मेलं. बोका आला होता.”

फिरूजा तंदुराशी आली. “बोका आला होता, आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्हाला ते घरटं नकोच होतं. दोरी बांधलीत, उशा फिरवल्यात. मी आंधळी नाही.”

“बोक्याला हाकललं कुणी मग? तू? तू मावशीकडे पुलाव झोडत होतीस!” मवजूदाचा आवाज चढला. “तू बघायला आलीस गं, फक्त बघायला. मी धुवायला. त्यांची गादी ओली झाली की कोण उठतं? शब्द मी शिकवायचे, आणि नाव यायचं तुझं! मेली तेव्हा आईसुद्धा फिरूजा, फिरूजाच करत होती!”

“मग मला का नाही सांगितलंस तेव्हा?” फिरूजा किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा ती थोरलीला ‘तू’ म्हणाली होती. “तुला वाटतं मला बरं वाटतं? ते सगळ्यांनाच फिरूजा म्हणतात! परवा बर्नो खालाला म्हणाले. चहा हवा तरी फिरूजा. तोंडात बसलाय तो शब्द, बाकी काही नाही.”

“काही नाही कसं?”

“ऐक मग. तू नान पोचवायला गेलीस की त्यांची नजर दारावरून हलत नाही. माझ्या हातचा एक घास घेत नाहीत. चमचा पुढे केला की तोंड मिटतात. रोज मी तू ठेवून गेलेलं सूप कोंबड्यांना घालते आणि तुला सांगते, संपवलं. मी त्यांची मुलगी आहे ना? पाखरं दाखवल्याशिवाय ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, अपा. पाखरं उडाली की मी काय दाखवू?”

 खरं सांगायचं तर मवजूदाला आनंद झाला. वाईट, गोड, पोटातून वर येणारा आनंद. बहीण समोर रडत होती, आणि हिला मनात पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटत होतं: माझ्या हातचा एक घास घेत नाहीत. “कोंबड्या उगाच नाही फुगल्या,” एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात मागून बाबांचं हसणं ऐकू आलं. जुनं, लग्नघरातलं, पोट हलवणारं हसणं. दोघी वळल्या.

घरटं रिकामं होतं.

नवरदेव भिंतीवर बसून कुणाला तरी साद घालत होता. बाबांनी डावा हात उचलून दाखवलं: तिथून, इथं, मग असं, धपकन, आणि मग भिंतीपलीकडे. मग पुन्हा पहिल्यापासून. तिन्ही पिल्लांचं पहिलं उडणं त्यांनी एकट्यानं पाहिलं होतं, दोन्ही मुली पाठ करून भांडत असताना.

“गेली? सगळी?” फिरूजा मटकन तख्तावर बसली. “इतके दिवस मी... बाबा, हाक नाही का मारायची!”

“नको,” बाबा म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले.

भिंतीपलीकडून बर्नो खालाचा आवाज आला, “अगं पोरींनो! तुमची पिल्लं माझ्या तुतीवर येऊन बसलीत! शेपूट नाही, अक्कल नाही, पण काय गोड दिसतात! आणि माझ्या बोक्याला कणीक कुणी फासली ते आधी सांगा!”

“बघा,” मवजूदा म्हणाली. “जर्दाळू सडले आमचे आणि पिल्लं हिची.” फिरूजाला रडता रडता हसू फुटलं. दोघी बाबांच्या पालथ्या घातलेल्या जुन्या कढईवर चढल्या आणि भिंतीवरून डोकावल्या. कढईचं बूड अरुंद होतं, एकमेकींना धरावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी मवजूदानं झाड हलवलं. निम्मी फळं वाया गेली होती, उरलेली दोघींनी मिळून उकलून छपरावर घातली. तेव्हापासून बाबांना भरवायचं काम मवजूदा फिरूजाला द्यायची, आणि स्वतः त्यांना दिसेल अशी समोर बसायची. मग ते धाकटीच्या हातून खायचे. हे करताना मवजूदाचा जीव तुटायचा. फिरूजा पुढं गेलेली तिला अजूनही चालत नव्हती. पण आता ती दोरी बांधत नव्हती एवढंच.

उन्हाळा संपताना फिरूजा निघाली. टॅक्सी दारात उभी. तिनं वाकून बाबांच्या कपाळाचा मुका घेतला, तशी त्यांनी डाव्या हातानं तिची बाही घट्ट पकडली. ती सोडवेना. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मवजूदा बाजूला उभी राहून त्या पकडीकडे बघत होती. आपली बाही त्यांनी कधी अशी धरली नव्हती, कारण ती कुठं जाणारच नव्हती. मग तीच पुढे झाली आणि तिनं बाबांची बोटं एक-एक करून सोडवली.

रात्री ते जेवले नाहीत, तिच्याकडे पाहिलंही नाही. सकाळी तिनं ताजा नान चहात बुडवून ओठांशी धरला. थोडा वेळ तोंड मिटलेलंच होतं. मग उघडलं.