पाण्याकडे रोखलेला हात

त्याला जहाजावर सगळे आरसा म्हणत. रूपामुळे नव्हे, रूपाचा आनंदीआनंदच होता. त्यानं धुतलेल्या डेकमध्ये माणसाला आपलं तोंड दिसायचं, म्हणून आरसा. प्रवासी जहाजाचे डेक धुण्यात त्याची निम्मी हयात गेली. या फेरीला कंपनीनं कधी नव्हे ते बायकोला सोबत आणू दिलं, आणि बाईंनी पहिल्या दिवसापासून एकच टुमणं लावलं, "आता पुरे झालं. घरी चला."

काल त्याचं डोकं फिरलं. "इतकी वर्षं तुझ्यावाचून माझं काही अडलं नाही," असं तो बोलून गेला. जिभेला हाड नसतं, दुसरं काय! ती रात्री जेवलीही नाही. सकाळी तो कामावर निघाला, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मागचा डेक धुऊन तो बादलीतलं पाणी बदलायला गेला. परत येऊन बघतो तर कठड्याला लागून तिच्या चपला. शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेल्या. आसपास चिटपाखरू नाही.

पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर तिथं जमीन होतीच कुठे? त्यानं हाका मारल्या. खोलीत फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मग त्यानं वायरलेस तोंडाशी धरला आणि कसंबसं म्हणाला, "माणूस पाण्यात."

जहाजाचा नियम असा, की जो ही खबर देतो त्यानं पाण्याकडे हात रोखून उभं राहायचं आणि नजर हलवायची नाही. एवढ्या समुद्रात माणसाचं डोकं ते केवढं! पापणी लवली की हरवलं. आरशानं तिला पडताना पाहिलंच नव्हतं. तरी त्यानं हात रोखला. दुसरं काय करणार बिचारा?

भोंगा वाजला आणि जहाज वळायला लागलं. अहो, जहाज कसलं, अख्खं गावच ते! त्यातली दुकानं, भटारखाने, हजारो माणसं, त्यांच्या कपांतला चहा, सगळं एका बाजूला कललं. कठड्याची सावली आरशाच्या पायांवरून सरकत पलीकडे गेली. जहाजामागचा फेसाचा सरळ पांढरा पट्टा विळ्यासारखा वाकला. मग इंजिनं मंदावली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला पाण्याचा नुसता आवाज ऐकू आला. माणसं कठड्याशी येऊन उभी राहिली. स्वयंपाकी पिठाच्या हातांनी आला. कोण पडलं, कुठल्या मजल्यावरचं, कुणी विचारलं नाही. सगळे त्याच्या हाताच्या दिशेनं बघत होते. आरशाला रडू फुटत होतं, पण डोळे भरले तर दिसायचं कसं, म्हणून तो ते गिळत राहिला.

"कुठे हो? मला तर काही दिसत नाही," शेजारून कुणीतरी म्हणालं.

"गप. बघू दे," तो म्हणाला.

"अहो, पण बाई आहे की पुरुष?"

हा आवाज! नजर हलवायची नाही हा नियम आरशानं आयुष्यात पहिल्यांदा मोडला. ती अनवाणी उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून, त्या अनोळखी बुडणाऱ्या जिवासाठी कासावीस झालेली.

"तुझ्या चपला," एवढंच त्याच्या तोंडून फुटलं.

"ओल्या डेकवर चपला घालून कोण फिरेल? घरी आलात की ओल्या फरशीवर चपला दिसल्या म्हणून ओरडता ते तुम्हीच ना? काढून ठेवल्या आणि पुढे जाऊन बसले. एवढं पाणी कधी बघितलंय मी? रागसुद्धा विसरायला झालं." बोलता बोलता ती थांबली. त्याच्या हाताकडे बघितलं, त्या गप्प गर्दीकडे बघितलं, पाण्यावरच्या त्या भल्यामोठ्या वळणाकडे बघितलं.

"हे सगळं... माझ्यासाठी?"

त्यानं मान हलवली. मुकादम तणतणत येताना दिसत होता. आता नोकरी राहते की जाते, देव जाणे. आरशाला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं बायकोचं मनगट घट्ट धरलं होतं आणि तो सगळ्यांदेखत रडत होता.

ती पुन्हा त्या वळणाकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "आणि मी खरंच पडले असते तर?"

"तर अजून शोधत असतो."