उदेलालचा हात

उदेलाल मालगुजाराचा नेम हवेच्या बंदुकीनं घडवला आणि रिव्हॉल्व्हरनं नासवला.

हवेची बंदूक पोरवयातच त्याच्या हाती आली होती. बारीक छर्रा, फुसका आवाज, धक्का म्हणून नाही. झाडावरचा चिंचेचा आकडा बरोबर देठात तोडून पाडावा तर उदेलालनंच, असं चिचगडच्या रानाकडची सारी गावं म्हणायची. मग बाप गेला. मालगुजारी आली, परवाना आला, आणि परवान्यावर सहाबारी रिव्हॉल्व्हर आलं. गावाला वाटलं, आता वाघाचंही काही खरं नाही.

वाघाचं राहू द्या. गेल्या दसऱ्याला आसपासचे सारे पवार जातभाई जमले असताना अंगणाच्या पलीकडच्या ओट्यावर ठेवलेलं एक मडकं त्याच्यानं फुटलं नाही. साही बार वाया गेले. शेवटची गोळी तर मडक्याखाली ओट्यातच घुसली. बहिणीचा नवरा, देवरीचा चुन्नीलाल, खाटेवर लोळून हसला.

"काऊन साळेबुवा, मडक्याले भेऊन राहिले का? ते काई उलटून गोळी नाई मारत!"

पाहुणे हसले ते हसले, पण मागं उभे असलेले गडीही हसले. तोंडावर दुपट्टा धरून हसले, तरी हसले. ज्याच्याकडं मान वर करून पाहायची कोणाची टाप नव्हती, त्याची फजिती साऱ्या गावानं फुकटात पाहिली. उदेलालचं दुखणं एवढंच होतं. पण मालगुजाराचं एवढंसं दुखणंही गावाला जड जातं.

टोमणा मारला चुन्नीलालनं आणि औषधही दिलं त्यानंच.

"हात भेकड आहे तुमचा. बार व्हायच्या आधीच झुकते. कोणाकडून तरी भरून घेत जा. काही खरी काडतुसं, काही फुटलेली, रिकामी. कोणतं कुठं आहे ते तुम्हाले मालूम नोको. फुटलेल्यावर घोडा पडला का चोर सापडते मंग."

चोर सापडला. सालदार ग्यानीराम पाठमोरा होऊन रिव्हॉल्व्हरची चक्री भरायचा, उदेलाल चाप ओढायचा. खट्! बार नाही, काही नाही, तरी नळीचं तोंड खाली. नुसती काठी उगारली की म्हैस मान घालते ना, तसं. आपली भीती त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिली आणि तो लालबुंद झाला.

"पुन्हा भर."

उन्हाळाभर हेच चाललं. धानाची रोवणी आटोपेपर्यंत रानातलं मडकं फुटायला लागलं. पण रानात बघायला कोण होतं? चार माणसांपुढं हात पुन्हा दगा देईल, ही धास्ती काही जाईना. तेव्हा उदेलालनं स्वतःच्या डोक्यानं एक औषध काढलं. रिव्हॉल्व्हर पुरतं रिकामं करायचं आणि जित्या माणसावर रोखायचं. जित्या माणसावर हात हलला नाही, तर मडक्याची काय कथा?

जितं माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. ग्यानीरामची बायको धुरपताबाई रोज सकाळी अंगणात सडा टाकायला यायची. उदेलाल ओसरीवर बसून तिच्या पाठीवर नळीच्या टोकाची नेमाची माशी धरायचा. पहिल्या दिवशी ती शेणाची टोपली टाकून पळाली. तो पोट धरून हसला.

"मालक, असं नोका करू. जीव धडधडते."

"रिकामी आहे वो. तुयाच नवऱ्यानं रिकामी केली. नवऱ्यावर भरोसा नाई का तुया?"

ग्यानीराम एकदा बोलला. "मालक, हत्यार माणसावर नाई रोखत."

"तू मले शिकवून राहिला का?"

विषय संपला. पुढं ती मान खाली घालून सडा टाकायला लागली आणि पाठीमागं खट् खट् चालू राहिलं. माणूस कशालाही सरावतो म्हणतात. साफ खोटं आहे. ज्याला पर्याय नाही तो सरावतो.

आणि उदेलालनं चक्री उघडून एकदा तरी पाहिली का? कधीच नाही. धान दुसऱ्यांनी मोजायचं, घोड्यावर खोगीर दुसऱ्यांनी कसायचं, बंदूक दुसऱ्यांनी भरायची आणि दुसऱ्यांनीच रिकामी करायची. उघडून बघणं हे नोकराचं काम होतं.

दसरा उजाडला. ग्यानीरामनं रिव्हॉल्व्हर पुसून देवापुढं पाटावर ठेवलं. उदेलाल तेव्हा न्हाणीत होता. पुढचं त्याला मागाहून कळलं. त्याची माय रामबाई देवघरात आली. सणाला घरातलं काही रिकामं ठेवायचं नाही, हा तिचा नेम.

"ग्यानीराम, ढोलीत धान टाकली, घागरीत पानी भरली. अना हत्यार काऊन रिकामं? रिकामं पुजतेत का? टाक त्याच्या पोटात काहीतरी."

ग्यानीरामनं एक काडतूस घातलं. मालकाला सांगायला तो वळला, तोच रामबाईनं त्याला आपट्याच्या डहाळ्या आणायला रानात पिटाळलं. आल्यावर सांगू, असं म्हणून तो गेला.

उदेलाल न्हाऊन आला, पूजा केली, रिव्हॉल्व्हर उचललं. नळीवर कुंकू होतं, अक्षता होत्या. वेशीकडून पाहुण्यांच्या छकड्यांचे घुंगरू ऐकू येत होते. समोर धुरपताबाई पाठमोरी, हात वर करून दाराला झेंडूचं तोरण बांधत होती.

खट्. नळी हलली नाही.

"आज तं सण आहे मालक," ती न वळता म्हणाली.

खट्. तीळभर नाही. उदेलालची छाती भरून आली. आज मडकं गेलं, आज चुन्नीलालचं थोबाड पाहण्यासारखं होणार. माशी दोन खांद्यांच्या मधोमध ठेवून त्यानं पुन्हा चाप ओढला.

बार झाला.

हात झुकला नाही. कसा झुकेल? हत्यार रिकामं आहे, याची हाताला खात्री होती. रिव्हॉल्व्हर हाती आल्यापासून रानाबाहेर, जिथं पाहिलं तिथंच गेलेली ही पहिली गोळी. आणि उघडंच सांगायचं तर, काय झालं हे कळायच्या आधी उदेलालला आनंद झाला.

तोरण धुरपताबाईबरोबरच खाली आलं.

चुन्नीलाल छकड्यातून उडी टाकून धावत आला. त्यानं बाईकडं पाहिलं, मग साळ्याकडं, आणि आवाज खाली घेतला. "भरली कोनं होती? तेवढं पक्कं करा. ठाण्याचं मी पाहतो."

ग्यानीराम डहाळ्या घेऊन फाटकात उभा होता. डहाळ्या तिथंच पडल्या. तो धुरपताबाईपाशी बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. ते एका बाजूला कललं आणि तसंच राहिलं.

"मोठी माय," तो म्हणाला, "तुम्हीच सांगतल्या ना?"

रामबाईनं पदर तोंडावर ओढला. "मी काई नाई सांगतली," ती म्हणाली आणि आत गेली.

ग्यानीराम मग उदेलालकडं वळला. आजवर त्या घरात कोणी पाहिलं नसेल असं, सरळ डोळ्यांत डोळे घालून त्यानं विचारलं, "मालक, एकदा उघडून काऊन नाई पाहिले?"

उदेलालला प्रश्नच कळला नाही. त्यानं दारातल्या गड्यांना हाक मारली.

"बांधा याले."