मधली खुर्ची

कानसेनने खुर्ची वीतभर मागे ओढली, एक डोळा मिटून दोन्ही स्पीकरांचा अंदाज घेतला आणि पुन्हा बोटभर पुढे सरकवली.

"आता ठीक," तो म्हणाला.

हे नाव त्याला सासरच्यांनी ठेवलेलं. गाणं लागलं की हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा. मध्ये कुणी बोललं तर डोळे न उघडता नुसता हात वर करायचा, की समोरच्याने गप्प बसायचं. सगळे हसायचे, त्यालाही नाव आवडायचं. बायकोला काय वाटतं, ते काही कुणी विचारलं नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत जाड पडदे होते. बोलका, पिकल्या मिशांचा दुकानदार हातात रिमोट घेऊन उभा होता.

"खोली केवढी आहे, साहेब?"

"दहा बाय बारा," त्याची बायको म्हणाली.

"नवीन घर का, वहिनी? वा, अभिनंदन!"

घर नवीन होतं, ते खरंच. फक्त ते तिचं एकटीचं होतं. सामान हललं होतं, घटस्फोटाचे कागद वकिलाकडे गेले होते आणि भांडावं असंही काही उरलं नव्हतं. स्पीकर मात्र तिला निवडता येईनात, म्हणून तिने त्यालाच फोन केला, आणि हा वेडा हरखून गेला. त्याला वाटलं, स्पीकर हे निमित्त असणार. दोन-चार दुकानं पालथी घालू, कुठेतरी चहा घेऊ, मग तीच म्हणेल, जाऊ दे, घरी आहेत ना स्पीकर. ती परत यावी, एवढंच त्याला हवं होतं. सकाळपासून तो त्याच आशेवर हिंडत होता.

"हे बघा," दुकानदार म्हणाला, "ही उंच जोडी फार मानी. बरोबर मधोमध बसलात तर गाणारी बाई समोर येऊन उभी राहते. जरा बाजूला सरकलात की गेली. ही दुसरी भोळी. एवढा बारकावा नाही, पण खोलीत कुठेही बसा, उठा, कामं करा, सगळीकडे सारखं. आता सांगा, ऐकणारा एक की चारजण?"

"एक," ती म्हणाली.

"दुसरीही ऐकून घे," तो घाईने म्हणाला. "कुणी आलं गेलं तर..."

"माझ्याकडे कोण येणारे?"

ती चिडून बोलली असती तरी चाललं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली, आणि तेच त्याला लागलं.

दुकानदाराने उंच जोडीवर गाणं लावलं. तसा कानसेन सवयीने खुर्चीत टेकला आणि ती सवयीने भिंतीशी जाऊन उभी राहिली. घरीही असंच असायचं. मधोमध एक खुर्ची, ती याची. बायको कधी दारात, कधी ओट्याशी, कधी कपड्यांच्या घड्या घालत. "छान आहे ना?" तो विचारायचा. "छान आहे," ती म्हणायची.

तो उठला.

"तू बस."

"राहू दे रे."

"अगं, स्पीकर तुझे आहेत. बस."

ती पर्स मांडीवर घेऊन अवघडून बसली. गाणं त्यांच्या घरात रोजचंच होतं. बाईचा सूर लागला आणि तिची मान हळूहळू वर झाली. दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली.

"अरे, ही श्वास घेते!"

"हो."

"इथे, ओळ उचलायच्या आधी." ती त्याच्याकडे वळली. "तुला हे असं ऐकू यायचं?"

त्याने खाली बघत मान हलवली.

"इतकी वर्षं?" तिचे डोळे भरून आले. "तू तल्लीन होऊन बसायचास, आणि मला वाटायचं, माझ्याच कानांत काही कमी आहे. आपल्याला मेलं गाण्यातलं काही कळतच नाही."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी उठलाच नाहीस."

दुकानदार रिमोटवरची बटणं निरखू लागला. जरा वेळाने खाकरून म्हणाला, "मग कुठली देऊ, साहेब?"

अजूनही त्याला भोळी जोडी म्हणता आलं असतं. या एका बाबतीत ती त्याच्या शब्दाबाहेर गेली नसती.

"उंच द्या," तो म्हणाला. "एका माणसाला हीच चांगली."

दुपारी तिच्या खोलीत त्याने स्पीकर मांडले, वायरी जोडल्या, टेपने अंतरं मोजली. मग जागेवर ठेवलेल्या खुर्चीच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या.

"हलवू नकोस हं."

"नाही हलवणार."

ती बसली. गाणं सुरू झालं तसे तिने डोळे मिटले. तो दाराशी जाऊन चपला घालू लागला.

"निघू मी?"

तिने डोळे न उघडता हात वर केला.

तो गप्प उभा राहिला. दारातून बाईचा श्वास ऐकू येत नव्हता. शब्दही नीट कळत नव्हते. नुसती खालची घुमघुम येत होती, शेजारच्या घरात काहीतरी चालू असावं तशी. ओळ संपेपर्यंत तो थांबला, आणि मग आवाज होणार नाही अशा बेताने त्याने दार ओढून घेतलं.